शिशाच्या शिपायांचा सेनापती : हर्बर्ट जॉर्ज वेल्स

बुद्धिबळाच्या पटावर सर्वांत पुढे उभे राहते ते प्यादे, आणि बहुधा सर्वांत आधी मारले जाते तेही प्यादेच. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशा चतुरंग सेनेवरून हा खेळ आपल्या देशात निर्माण झाला, आणि पुढे इराण व अरबस्तान यांच्या मार्गाने तो युरोपात गेला. तिकडे त्याची रूपे पालटली, मोहऱ्यांची नावे पालटली. परंतु प्याद्याचे प्राक्तन काही पालटले नाही. एका वेळी एक घर चालावे, मागे फिरू नये, आणि राजाच्या रक्षणार्थ खुशाल मरावे, हाच त्याचा धर्म. या गरीब पायदळ शिपायाकडे ज्याने नव्या दृष्टीने पाहिले, त्याच्यासाठी नवे नियम रचले, आणि ते रचता रचता खऱ्या युद्धाविषयी एक कठोर सत्य जगापुढे मांडले, अशा एका ग्रंथकाराचे चरित्र आज वाचकांस सादर करावयाचे आहे. त्यांचे नाव हर्बर्ट जॉर्ज वेल्स.

वेल्स हे नाव आपल्या शाळेतील वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस अपरिचित नसेल. काळाच्या प्रवाहात मागेपुढे नेणारे यंत्र, अदृश्य झालेला मनुष्य, मंगळावरून पृथ्वीवर चालून आलेले शत्रू, या अद्भुत कथा त्यांच्याच लेखणीतून उतरल्या. परंतु जगाला भविष्य सांगणारा हा मनुष्य आपल्या घराच्या जमिनीवर गुडघे टेकून, हातात दोरी घेऊन, शिशाचे शिपाई एकेक फूट पुढे सरकवीत असे, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते.

हर्बर्टचा जन्म 21 सप्टेंबर 1866 रोजी इंग्लंडातील केंट परगण्यात ब्रॉमली या गावी झाला. घरची स्थिती बेताची. वडील जोसेफ वेल्स यांचे चिनी मातीची भांडी आणि क्रिकेटचे सामान विकण्याचे एक लहानसे दुकान होते. ते फारसे चालत नसे. दुकानापेक्षा त्यांचा जीव क्रिकेटमध्ये अधिक. 1862 साली ससेक्सविरुद्ध केंटच्या बाजूने खेळताना त्यांनी लागोपाठ चार चेंडूंवर चार गडी बाद केले होते. खेळाच्या पैशानेच घराला थोडाबहुत हातभार लागे. आई सारा ही लग्नापूर्वी मोठ्या घराण्यात दासी म्हणून राहिलेली, कष्टाळू आणि धर्मशील बाई होती.

हर्बर्ट सात वर्षांचा असताना, 1874 साली, एका ओळखीच्या तरुणाने कौतुकाने त्यास उचलून वर उडविले. तो हातातून निसटला आणि त्याच्या पायाचे हाड मोडले. कित्येक आठवडे त्यास अंथरुणावर पडून राहावे लागले. परंतु या संकटातून एक मोठा लाभ झाला. करमणुकीसाठी घरच्यांनी त्याच्या हाती पुस्तके आणून दिली, आणि त्या दिवसांत लागलेला वाचनाचा नाद पुढे जन्मभर सुटला नाही. भूगोल, प्राण्यांची वर्णने, इतिहासातील लढाया, जे मिळेल ते तो वाचीत असे. पुढे गावाबाहेरच्या शेतांतून एकटा फिरताना तो मनाने मोठमोठ्या सैन्यांचा अधिपती होई. या टेकडीवर आपल्या तोफा, त्या ओढ्याकाठी शत्रूचे घोडदळ, अशी चित्रे रंगवीत घरी परत येई. हा छंद तेराव्या वर्षापर्यंत टिकला, असे त्यांनी पुढे आत्मचरित्रात मोकळेपणाने नमूद केले आहे.

1877 साली वडिलांचाही पाय मोडला. क्रिकेट संपले आणि त्याबरोबर घरात येणारा पैसाही आटला. 1880 साली आईने अपपार्क नामक वाड्यावर कारभारणीची नोकरी धरली, आणि मुलास कापडाच्या दुकानात उमेदवारीस घालण्यात आले. साउथसी येथील त्या पेढीवर रोज सुमारे तेरा तास उभे राहून गठ्ठे उचलावे, घड्या घालाव्या, गिऱ्हाइकापुढे मान लववावी, आणि रात्री इतर उमेदवारांसह एका मोठ्या खोलीत झोपावे, असा क्रम दोन वर्षे चालला. मोठ्या पटावरील एक प्यादे होणे म्हणजे काय, याचा अनुभव त्यास येथेच आला. अखेरीस एका रविवारी सकाळी तो मुलगा सतरा मैल पायी चालत आईकडे गेला आणि आपण त्या दुकानात परत जाणार नाही, असे त्याने निक्षून सांगितले.

सुदैवाने मिडहर्स्ट येथील शाळेचे मुख्याध्यापक बायट यांनी त्याची बुद्धी पारखली होती. 1883 साली त्यांनी त्यास आपल्या शाळेत विद्यार्थी-शिक्षक म्हणून घेतले. पुढील वर्षीच सरकारी शिष्यवृत्ती मिळवून तो लंडन येथील शास्त्रविद्यालयात दाखल झाला. आठवड्यास एक गिनी एवढ्यावर निर्वाह करावयाचा. कधी कधी दुपारचे जेवणही सुटे. परंतु तेथे थोर जीवशास्त्रज्ञ टॉमस हेन्री हक्स्ली यांचे शिष्यत्व त्यास एक वर्ष लाभले. प्रत्येक गोष्ट पुराव्याने तपासावी, प्रयोग चुकला तर नियम सुधारावा, आणि आवडते मत असले तरी ते पुराव्यापुढे टिकत नसेल तर सोडून द्यावे, हे संस्कार त्या वर्षाचे. पुढे खेळाचे नियम रचतानाही हेच संस्कार कामास आले.

1887 साली पदवी न मिळविताच वेल्स बाहेर पडले आणि शिक्षकी पत्करली. वेल्स प्रांतातील एका शाळेत फुटबॉल खेळताना त्यांस जबर मार लागला. प्रकृती ढासळली, खोकल्यातून रक्त पडू लागले. तरीही त्यांनी धीर सोडला नाही. लंडनमधील हेन्ली हाउस या शाळेत ते शिकवू लागले. तेथील मुख्याध्यापकांचा धाकटा मुलगा, पुढे बालवाङ्मयात कीर्ती पावलेला ए. ए. मिल्न, हा त्यांचा विद्यार्थी होता. 1890 साली प्राणिशास्त्रात पहिल्या वर्गाचा मान मिळवून त्यांनी लंडन विद्यापीठाची बी. एस्‌सी. पदवी संपादन केली. मग मात्र प्रकृतीमुळे अध्यापन सोडावे लागले आणि लेखणी हेच उपजीविकेचे साधन झाले. 1895 साली ‘द टाइम मशीन’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. 1897 साली ‘द इन्व्हिजिबल मॅन’ आणि 1898 साली ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’. पाच वर्षांच्या आत कापडदुकानातील उमेदवार जगप्रसिद्ध ग्रंथकार झाला.

हाती पैसा आल्यावर वेल्स यांनी केंटच्या समुद्रकिनारी सँडगेट येथे स्वतःचे घर बांधले. 1901 साली जॉर्ज फिलिप आणि 1903 साली फ्रँक हे दोन मुलगे झाले. पिता मुलांबरोबर जमिनीवर बसून तासन्‌तास खेळे. लाकडी ठोकळे, फळ्या, आगगाडीचे रूळ, शिशाची माणसे यांतून बेटे, नगरे, बंदरे उभी राहत. या खेळांचे वर्णन त्यांनी 1911 साली ‘फ्लोअर गेम्स’ म्हणजे जमिनीवरचे खेळ या नावाच्या पुस्तकात केले.

शिशाचे शिपाई त्या काळी घरोघर दिसू लागले होते, त्यालाही कारण होते. पूर्वी असे शिपाई भरीव असत आणि बहुतेक जर्मनीतून येत. ते महागही पडत. 1893 साली लंडन येथील ब्रिटन या खेळणी करणाऱ्या घराण्याने आतून पोकळ शिपाई ओतण्याची युक्ती काढली. शिसे कमी लागू लागले, किंमत उतरली, आणि सामान्य घरातील मुलासही एखादी पलटण बाळगता येऊ लागली. त्याच कारखान्याने स्प्रिंगच्या जोरावर सुमारे इंचभर लांबीचा लाकडी दांडा फेकणारी लहानशी तोफही काढली होती. नऊ यार्डांवरील शिपाई तिने अचूक पाडता येई.

एके दिवशी सँडगेटच्या घरी भोजनोत्तर गप्पा चालल्या असता, ‘थ्री मेन इन अ बोट’ या प्रसिद्ध विनोदी पुस्तकाचे कर्ते जेरोम के. जेरोम यांनी ती तोफ घेतली आणि टेबलावर उभ्या असलेल्या शिपायांवर नेम धरला. पाहता पाहता दोघे प्रौढ गृहस्थ स्पर्धेने गोळ्या झाडू लागले. लहान मुलाच्या खेळातून मोठ्यांचा खेळ निघाला तो या क्षणी. परंतु वेल्स यांच्या चिकित्सक बुद्धीस केवळ नेमबाजीने समाधान होईना. शिपाई नुसते उभे राहून मरत असतील तर ती लढाई कसली? त्यांनी चालले पाहिजे, आड लपले पाहिजे, शत्रूवर धावून गेले पाहिजे. आणि हे सर्व करताना कोणी कोणावर अन्याय करीत नाही, याची खात्री दोन्ही खेळाडूंस असली पाहिजे. म्हणजेच नियम पाहिजेत.

असे नियम जगात पूर्वी नव्हते, असे नाही. प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ नामक अधिकाऱ्याने, आपल्या वडिलांच्या कल्पनेत सुधारणा करून, 1824 साली युद्धक्रीडेचे एक शास्त्रच सिद्ध केले होते. मोठ्या नकाशावर ठोकळे मांडून, फासे टाकून, हानीची कोष्टके पाहून, आणि मध्यस्थ पंचाच्या निर्णयाने हा खेळ चाले. 1870-71 च्या युद्धात प्रशियाचा जय झाल्यावर इतर राष्ट्रांच्या सैन्यांनीही तो उचलला. परंतु तो होता सेनाधिकाऱ्यांसाठी. त्यातील कोष्टके क्लिष्ट, पंच अनुभवी पाहिजे, आणि वेळही फार लागे. वेल्स यांस हवा होता दोन मित्रांनी किंवा बापलेकांनी दुपारभरात खेळून संपवावा असा सुटसुटीत खेळ. दक्षिण आफ्रिकेतील युद्धाहून परतलेला एक कप्तान आणि त्याचा भाऊ यांनीही त्यांस या कामी साहाय्य केले. प्रयोग करावा, दोष दिसला की नियम बदलावा, पुन्हा खेळून पाहावे, या रीतीने 1913 साली त्यांचे ‘लिटल वॉर्स’ म्हणजे लहान लढाया हे पुस्तक तयार झाले. त्यातील छायाचित्रे त्यांच्या पत्नीने घेतली होती. खेळण्यास योग्य वयाची मर्यादा ग्रंथकाराने बारापासून दीडशे वर्षांपर्यंत ठेवली होती, यावरून त्यांचा विनोदी स्वभाव दिसून येतो.

आता या खेळात पायदळाची व्यवस्था कशी लावली आहे ते पाहू. प्रथम रणभूमी तयार करावयाची. ज्ञानकोशाचे जाडजूड ग्रंथ आणि फळ्या रचून टेकड्या, झाडांच्या डहाळ्या रोवून वने, खडूने रेघा ओढून नद्या. एकाने रणभूमी मांडावी आणि दुसऱ्याने आपली बाजू निवडावी. म्हणजे मांडणारा आपल्या सोयीची भूमी करूच शकत नाही. एकाने वाटे करावे आणि दुसऱ्याने आधी उचलावे, ही घरातील मुलांमध्ये खाऊच्या वाटणीची जी न्याय्य रीत आहे, तीच ही. मग मधोमध पडदा टाकून दोघांनी आपापले सैन्य मांडावयाचे, आणि पडदा दूर होताच लढाईस आरंभ.

पायदळाचा शिपाई एका पाळीत एक फूट चालेल, घोडेस्वार दोन फूट. मोजण्यास दोरी. तोफेस चालविण्यास किंवा डागण्यास तिच्यापासून सहा इंचांच्या आत निदान चार शिपाई हजर पाहिजेत. नसतील तर तोफ मुकी. तोफ एका पाळीत एक तर हलेल किंवा डागली जाईल, दोन्ही नाही. आणि डागली तर चारच वेळा. हे नियम दिसण्यास साधे आहेत, परंतु त्यांतून केवढा विचार उत्पन्न होतो पाहा. मोकळ्या मैदानातून तोफेवर धावणाऱ्या पायदळास किती पाळ्या लागतील, तेवढ्यात तोफ किती वेळा कडाडेल, आणि किती जण पोहोचतील, हा हिशेब खेळाडूस मनातल्या मनात करावा लागतो. वन किंवा टेकडी यांच्या आडून गेले तर वाट लांबते, पण माणसे वाचतात. तोफेवरचे चार शिपाई टिपले तर सबंध तोफ निकामी होते. याप्रमाणे पायदळ शिपाई हा केवळ मरण्यासाठी पुढे उभा केलेला मोहरा न राहता, सर्व लढाईचा आधार ठरतो.

पाळीस वेळेचेही बंधन होते. दर तीस माणसांमागे एक मिनिट आणि दर तोफेमागे एक मिनिट. साठ माणसे आणि दोन तोफा असतील तर चार मिनिटांत सर्व हालचाल उरकली पाहिजे. घड्याळ चालू असताना हात कापू लागतो, डावीकडील तुकडी पुढे सरते आणि उजवीकडील विसरून जाते, दोरी टेकडीत अडकते, आणि मिनिटे संपतात. सेनापतीच्या चुका बुद्धीच्या उणिवेपेक्षा घाईमुळे अधिक होतात, हे या एका नियमाने खेळाडूस जितके पटते, तितके दहा व्याख्यानांनीही पटणार नाही.

आणखी एक विशेष असा की या खेळात पायदळास बंदूक झाडता येत नाही. तोफ खरोखरच लाकूड फेकीत असे, शिशाच्या शिपायाची बंदूक मात्र शोभेचीच होती. म्हणून पायदळाने शत्रूस जाऊन भिडावे आणि हातघाईने निकाल लावावा, एवढेच ठेवले. ही हातघाई नाणे उडवून किंवा फासे टाकून ठरविता आली असती. परंतु मग नशिबाच्या जोरावर एकटा शिपाई दहांस लोळवील, आणि सेनापतीच्या शहाणपणास काही अर्थच उरणार नाही. म्हणून वेल्स यांनी दैवाला तेथून हद्दपार केले. दोन तुकड्या भिडल्या आणि दोघींसही पाठबळ असले, तर माणसास माणूस याप्रमाणे दोन्हीकडचे सारखेच मरावयाचे. शूर असो वा भित्रा, विजयी असो वा पराजित, मृत्यूचा हिशेब सारखा. ज्याने हल्ला केला त्यासही किंमत मोजावी लागते, हे यात ठसठशीतपणे दिसते.

आता सर्वांत मार्मिक नियम. एखाद्या तुकडीच्या साहाय्यास, एका पाळीत पोहोचता येईल एवढ्या अंतरावर, तिच्या संख्येच्या निदान अर्ध्याइतके स्वपक्षाचे शिपाई नसतील, तर ती तुकडी एकाकी पडली असे समजावे. अशा एकाकी तुकडीवर अधिक संख्येचा शत्रू चालून आला, तर तिला पुरता मोबदला घेऊन मरताही येत नाही. तिच्यातील काही शिपाई कैद होतात आणि शत्रूचे नुकसान थोडक्यात भागते. शिपाई तेच, शिसे तेच. परंतु मागे सोबती असले तर त्याची किंमत एक, आणि नसले तर त्याहून कितीतरी कमी. याचा अर्थ असा की त्या शिपायाचे मोल त्याच्या अंगी नसून त्याच्या सेनापतीच्या सावधगिरीत आहे. जो सेनापती हौसेने आपली तुकडी फार पुढे दवडतो आणि मागची वाट मोकळी ठेवीत नाही, तो आपल्या माणसांचा घात करतो.

या नियमातील सत्यता लवकरच खऱ्या रणभूमीवर दिसून आली, आणि तीही आपल्या प्रांतातील माणसांच्या वाट्यास यावी, हा दुःखद योग होय. 1914 साली महायुद्ध सुरू झाले. मेसोपोटेमियात उतरलेली सहावी पुणे डिव्हिजन 1915 साली तैग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या रोखाने पुढे पुढे नेण्यात आली. तिच्यात मराठा पलटणींतील शिपाईही होते. सातारा, कोकण, पुणे या भागांतील शेतकऱ्यांची ती मुले. रसद अपुरी, नौका थोड्या, साहाय्य दूर. टेसिफॉनच्या लढाईनंतर हे सैन्य मागे हटून कुत या गावी आले आणि तेथे डिसेंबर 1915 पासून तुर्कांच्या वेढ्यात सापडले. सोडवणुकीचे प्रयत्न फसले. अन्न संपत आले, आणि 29 एप्रिल 1916 रोजी सुमारे तेरा हजार माणसांनी शरणागती पत्करली. पुढे वाळवंटातून चालताना आणि बंदिवासात त्यांतील हजारो मृत्यू पावले. शौर्याची उणीव तेथे मुळीच नव्हती. उणीव होती ती पाठबळाची. दिवाणखान्यातील शिशाच्या तुकडीस लागू केलेला नियम जिवंत माणसांसही तसाच लागू पडला. भेद एवढाच की शिशाचे कैदी खेळ संपल्यावर पेटीत परत जातात.

हा भेद वेल्स यांनी स्वतः ओळखला होता. ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकाचा शेवट विजयाच्या वर्णनाने होत नाही. हा खेळ तीनचार वेळा खेळणाऱ्या कोणासही खरे युद्ध किती आंधळे आणि चुकांनी भरलेले असले पाहिजे याची कल्पना येईल, असा त्याचा मथितार्थ आहे. ज्यांस युद्धाची खुमखुमी आहे अशा राजांना, सेनापतींना आणि भडक लिहिणाऱ्या संपादकांना एका खोलीत भरपूर खेळणी देऊन कोंडावे, म्हणजे बाकीचे जग सुखाने आपापली कामे करील, अशी सूचनाही त्यांनी अर्धवट विनोदाने आणि अर्धवट कळकळीने केली आहे. पुस्तक 1913 साली निघाले. 1914 सालच्या ऑगस्टात महायुद्धाचा वणवा पेटला. 1 जुलै 1916 या एकाच दिवशी सोम नदीच्या रणांगणावर ब्रिटिश पायदळाचे सत्तावन्न हजारांहून अधिक लोक घायाळ, बेपत्ता किंवा ठार झाले. त्यांपैकी एकोणीस हजारांवर मेले. मोकळ्या मैदानातून तोफांवर व यंत्रबंदुकांवर पायदळ चालून गेले तर काय होते, ते जगाने पाहिले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तेथे रणगाडे प्रथम अवतरले. तशा पोलादी वाहनांची कथा वेल्स यांनी 1903 सालीच लिहून ठेवली होती.

चरित्रकाराने गुणांबरोबर दोषही सांगावे. युद्ध सुरू होताच वेल्स यांनी त्याचा पुरस्कार केला, आणि हे युद्ध सर्व युद्धांचा अंत करील अशा आशयाच्या नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. 1918 साली शत्रुराष्ट्रांत प्रचार करणाऱ्या सरकारी खात्यातही त्यांनी काही काळ काम केले. त्यांची ती आशा इतिहासाने खोटी ठरविली. ज्याने खेळाच्या जमिनीवर दैवास थारा दिला नाही, त्यानेच जगाच्या रणांगणावर केवळ आशेवर भरवसा ठेवावा, हे विलक्षण खरे. परंतु हक्स्ली यांच्या या शिष्याने प्रयोग फसला म्हणून हात टेकले नाहीत. माणसे एकमेकांचा इतिहास जाणत नाहीत म्हणून लढतात, असे मानून त्यांनी सर्व मानवजातीचा एकत्र इतिहास लिहावयास घेतला. 1920 साली पूर्ण झालेला हा ग्रंथ लाखो लोकांनी वाचला. जमिनीवर त्यांच्याबरोबर खेळलेला थोरला मुलगा जॉर्ज फिलिप पुढे प्राणिशास्त्रज्ञ झाला, आणि पिता, पुत्र व हक्स्ली यांचा नातू ज्युलियन या तिघांनी मिळून जीवशास्त्रावर एक विस्तृत ग्रंथ रचला.

1914 साली प्रसिद्ध झालेल्या एका कादंबरीत वेल्स यांनी अणूच्या स्फोटाने नगरे उद्ध्वस्त करणाऱ्या बाँबची कल्पना केली होती. 6 ऑगस्ट 1945 रोजी हिरोशिमावर ती खरी झालेली पाहणे त्यांच्या नशिबी आले. त्यापूर्वी, दुसरे महायुद्ध चालू असता, वृद्ध आणि आजारी अशा या लेखकाने शेवटचा एक मोठा उद्योग आरंभिला होता. मनुष्य कोणत्याही देशाचा, वर्णाचा वा मताचा असो, त्याचे काही हक्क कोणत्याही सत्तेने हिरावून घेता कामा नयेत, अशा हक्कांची एक सनद असावी, यासाठी त्यांनी 1940 साली पुस्तक लिहिले, वादविवाद घडवून आणले आणि मसुदे तयार केले. 13 ऑगस्ट 1946 रोजी लंडन येथील राहत्या घरी त्यांचा अंत झाला. त्यानंतर दोन वर्षांनी, 10 डिसेंबर 1948 रोजी, संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा मान्य केला. त्यामागील विचार जगात पसरविणाऱ्यांमध्ये वेल्स यांची गणना होते.

त्यांचा खेळही मेला नाही. 1962 साली डोनाल्ड फेदरस्टोन या इंग्रज गृहस्थांनी युद्धक्रीडेवर नवे पुस्तक लिहिले, आणि त्यानंतर देशोदेशी हा छंद पसरला. नव्या नियमकारांनी पायदळास बंदुकीची फैर झाडण्याचा अधिकार दिला. तिचा परिणाम अंतर आणि आडोसा पाहून फाशांनी ठरतो. त्याहून महत्त्वाची भर म्हणजे धीराचा नियम. सोबती पडले, अधिकारी मेला, बाजू उघडी पडली, म्हणजे तुकडी शेवटच्या माणसापर्यंत लढत नाही. ती कचरते, थबकते, मागे फिरते. शिपायास भीती वाटते ही गोष्ट नियमात आली. एकाकी तुकडीविषयी वेल्स यांनी जे ठरविले होते, त्याचाच हा विस्तार म्हणता येईल.

विद्यार्थी मित्रहो, वेल्स यांच्या चरित्रापासून घेण्यासारख्या गोष्टी पुष्कळ आहेत. दारिद्र्य आणि रोग यांस न जुमानता त्यांनी विद्या संपादिली, ही तर आहेच. परंतु या लेखापुरती एकच ध्यानी घ्यावी. आपण पटांगणात संघाचा नायक होतो, वर्गात प्रमुख होतो, पुढे संसारात आणि व्यवसायात दहा माणसांस कामे सांगतो. तेव्हा ज्यांस आपण पुढे पाठवितो, त्यांच्या पाठीशी कोण आहे हे मागे वळून पाहिले पाहिजे. पालकांसही एक विनंती. सुटीच्या दिवशी मुलांनी जमिनीवर ठोकळ्यांचे किल्ले मांडले आणि मातीचे मावळे उभे केले, तर तो पसारा म्हणून लगेच आवरावयास लावू नये. शक्य असेल तर थोडा वेळ त्यांच्याजवळ खाली बसावे, आणि हा मावळा एका पाळीत किती चालेल, त्याच्या मदतीस कोण येईल, हे त्यांस विचारावे. उत्तर देता देता ती मुले न्याय म्हणजे काय याचाच विचार करू लागतील.